जाईबाई चौधरींवरची शॉर्टफिल्म कुठे संपवू?

प्रश्न (कामठीकर)
जाईबाई चौधरींवर १२ मिनिटांची शॉर्टफिल्म करून राहिलो. कामठी-नागपूर डोक्यावर ओझी वाहणारी बाई. एका मिशनरी ननमुळे शिकली, शिक्षिका झाली. बाई अस्पृश्य आहे कळताच लोकांनी मुलं शाळेतून काढली. मग १९२२ मध्ये तिनंच मुलींसाठी संत चोखामेळा शाळा काढली. मी फिल्म १९३७ च्या नागपूरच्या अखिल भारतीय महिला परिषदेवर संपवली. जेवणाच्या पंगतीत तिला वेगळं बसवलं, तो प्रसंग. पाहणारे रडले, पण मलाच शेवट पटत नाही. शिवाय कामठी रोडवर कॅमेरा कुठेही लावा, मेट्रोचे खांब येतातच.

उत्तर (नागपुरातल्या इंदोऱ्याच्या बाई, निवृत्त शिक्षिका)
बेटा, रडवून संपवू नकोस. त्या अपमानाच्या निषेधाची सभा आपल्या दलित बायांनी इथं नागपुरातच घेतली होती. शेवटी जाईबाईंना त्यांच्या शाळेत दाखव. वर्गात हजेरी चालू आहे, एकेका पोरीचं पूर्ण नाव पुकारलं जातंय. मी जन्मभर पहिली-दुसरीच्या पोरी शिकवल्या. घरी जिला नुसतं ‘ए पोरी’ म्हणतात, तिचं आडनावासकट नाव घेतलं की तिची मान कशी वर होते, ते मी पाहिलंय. जाईबाईंचं सगळं काम त्या मानेत आहे.

आणि खांबांचं काय घेऊन बसलास? नुसते पाय दाखव. मात्र डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची चुंबळ खरी पाहिजे. टॉवेलची गुंडाळी नको, जुन्या लुगड्याची पट्टी पीळ देऊन वळायची, मध्ये टाळूपुरती जागा ठेवायची. माझी आई मरेपर्यंत तशीच वळायची.

उत्तर (सक्करदऱ्याहून)
बाईंशी सहमत. जमलं तर फिल्मच्या शेवटी येणाऱ्या मजकुरात १९४२ ची नागपूरची दलित महिला परिषदही घे. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. घटस्फोटाचा हक्क, कामगार बायांना पगारी रजा, असे ठराव झाले तिथे. चोखामेळा शाळेनंतर वीसच वर्षांत!

कामठीकर
बाई, काल रात्री आजीकडून चुंबळ वळून घेतली. तिचे हात थरथरतात, पण पीळ एकदाही सुटला नाही. आता तिचे हातच पहिला शॉट. हजेरीसाठी वस्तीतल्या अकरा पोरी तयार आहेत. रविवारी सकाळी शूट आहे. नावं तुम्हीच पुकाराल का?