घराचा ताबा घेण्यापूर्वीची तपासणी : तुमच्या यादीत काय आहे?

येत्या दिवाळीच्या सुमारास आम्हाला पुण्यातील नव्या सदनिकेचा ताबा मिळणार आहे. 2015 साली पहिले घर घेतले, तेव्हा चावी हातात पडल्याच्या आनंदात मी अर्ध्या तासात ताबापत्रावर सही केली. पहिल्याच पावसाळ्यात शयनगृहाच्या खिडकीखालची भिंत ओली झाली आणि तक्रार केल्यावर 'तुम्ही समाधानी असल्याचे लिहून दिले आहे' असे उत्तर मिळाले. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत साचलेले पाणी बाहेर जाण्यासाठी जी भोके असतात, ती सिमेंटने बुजली होती, एवढेच कारण निघाले. दोन तांबे पाणी त्या पट्टीत ओतून पाहिले असते, तर ते त्याच दिवशी कळले असते. म्हणून या वेळी यादी करूनच जायचे ठरवले आहे. आपापला अनुभव लिहावा, ही विनंती. मात्र 'प्लंबिंग पाहावे' असे न लिहिता काय केले, कशाने केले आणि काय सापडले ते लिहावे, कारण 'पाहावे' असे लिहिलेल्या ओळीवर खूण करून माणूस सहज पुढे जातो.

नाशिकहून

आम्ही मोजपट्टी, टॉर्च, खडू, बादली आणि एक रुपयाचे नाणे घेऊन गेलो होतो. नाण्याने प्रत्येक फरशीवर टकटक केली; जिथे पोकळ आवाज आला, तिथे खडूने फुली मारली आणि छायाचित्र घेतले. स्वयंपाकघरात ओट्यासमोरच्या अकरा लाद्या पोकळ निघाल्या. न्हाणीघराची तपासणी मात्र एका भेटीत होत नाही. आधी बादलीभर पाणी दूरच्या कोपऱ्यात ओतून ते जाळीकडे आपोआप जाते का, ते पाहिले. त्यानंतर जाळी बंद करून बोटभर पाणी चोवीस तास साठवून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या परवानगीने त्यांचे छत पाहिले. नळीच्या भोवती ओल आली होती. घरात राहायला आल्यावर हेच काम करायचे झाले असते, तर सगळी लादी उखडावी लागली असती.

ठाण्याहून

मी तीस वर्षे विजेच्या जोडणीची कामे केली आहेत आणि लोकांच्या याद्यांतील सर्वांत कच्चा भाग हाच असतो, असे माझे मत आहे. मोबाइलचा चार्जर लावून पाहिला की तपासणी झाली, असे समजू नये. चार्जर चालला म्हणजे वीज आहे एवढेच कळते. अर्थिंग आहे की नाही, ते साध्या टेस्टरनेही कळत नाही. त्यासाठी तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर मिळतो, तो प्रत्येक ठिकाणी लावावा, विशेषतः गिझर, फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या जागी. मुख्य फलकावरील आरसीसीबीचे (विजेची गळती झाल्यास पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे) चाचणीचे बटण दाबून तो पडतो का, म्हणजे वीज बंद होते का, ते अवश्य पाहावे; परंतु तो पडला म्हणून अर्थिंग ठीक आहे असे मानू नये, कारण ते बटण अर्थिंग नसतानाही काम करते. त्यानंतर एकेक एमसीबी (जादा भार आल्यास आपोआप बंद होणारा स्विच) बंद करून कोणत्या खोलीची वीज जाते, ते कागदावर उतरवून घ्यावे. दोन वर्षांपूर्वी एका नातेवाइकांच्या घरी हे करताना गिझरच्या सॉकेटला अर्थिंगची तारच जोडलेली नसल्याचे आढळले होते. घरात लहान मुले होती.

मुंबई, दादरहून

आमचे घर चाळीस वर्षांच्या इमारतीतील, त्यामुळे यादीही वेगळी. विक्रीपूर्वी घर नुकतेच रंगवलेले होते आणि रंगाखाली काय आहे ते दिसत नव्हते. म्हणून ज्या जागा कोणी रंगवत नाही, तिथे आम्ही गेलो : जिना, गच्ची, पाण्याच्या टाकीखालचे बीम, बाहेरचे छज्जे. छज्जांच्या खालचे काँक्रीट सुटून गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या होत्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठीच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर तीन वर्षांनी व्हावी लागते. त्याचा शेवटचा अहवाल आम्ही सोसायटीकडे मागितला आणि दुरुस्तीपोटी येणारी वर्गणी लक्षात घेऊनच किंमत ठरवली.

एडिसन, न्यू जर्सीहून

इथे परवानाधारक तपासनीस येतो आणि छायाचित्रांसह जाडजूड अहवाल देतो, त्यामुळे स्वतःची यादी लागत नाही असा माझा समज होता. प्रत्यक्षात त्याची नेहमीची तपासणी डोळ्यांना दिसणाऱ्या भागांपुरतीच असते. जमिनीखालची सांडपाण्याची नळी कॅमेऱ्याने पाहणे, तळघरातील रेडॉन (जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू) मोजणे आणि अंगणात पुरलेली जुनी तेलाची टाकी शोधणे ही कामे वेगळी सांगावी लागतात. जुनी घरे पूर्वी तेलावर तापवली जात असल्याने या राज्यात अशा टाक्या पुष्कळ सापडतात आणि टाकी गळत असेल, तर माती स्वच्छ करण्याचा खर्च मालकावर येतो. आम्ही तिन्ही चाचण्या करून घेतल्या. टाकी निघाली नाही. रेडॉन मात्र 4 पिकोक्युरी प्रति लिटर या दुरुस्तीच्या मर्यादेच्या वर निघाला आणि वायू बाहेर काढणारी नळी व पंखा विक्रेत्याकडून बसवून घेता आला.

रत्नागिरीहून

जांभ्याच्या भिंती आणि कौलारू छप्पर असलेले घर एकदाच पाहून घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. आम्ही मे महिन्यात विहिरीचे पाणी पाहायला गेलो आणि जुलैत, भर पावसात, पुन्हा गेलो. वाशांवर पाण्याचे ओघळ आणि जोत्याला लागून पडणारी पागोळी दुसऱ्या भेटीतच दिसली. दाराच्या चौकटीला स्क्रू ड्रायव्हरने टोचले, तेव्हा तो अर्धा इंच आत गेला. मागे वाळवीने घर केले होते.

कोल्हापूरहून

धागा सुरू करणाऱ्या ताईंना 2015 साली मिळालेले उत्तर तेव्हाही बरोबर नव्हते, कारण 1963 च्या महाराष्ट्राच्या सदनिका मालकी कायद्यात ताब्यापासून तीन वर्षांच्या आत कळवलेले दोष दुरुस्त करण्याची तरतूद होती. 2016 च्या रेरा (स्थावर संपदा नियमन व विकास) कायद्याच्या कलम 14(3) नुसार ही मुदत पाच वर्षांची आहे आणि दोष कळवल्यापासून तीस दिवसांत विकसकाने विनामूल्य दुरुस्ती करावयाची आहे. मुदत ताब्याच्या तारखेपासून मोजली जाते. म्हणून ती तारीख ताबापत्रावर ठळक असावी. भोगवटा प्रमाणपत्राची (इमारत वापरण्यास परवानगी देणाऱ्या दाखल्याची) प्रत आधी मागून घ्यावी. आमच्या ताबापत्रावर मी स्वतःच्या अक्षरात 'सोबत जोडलेल्या यादीतील दोषांच्या दुरुस्तीच्या अधीन राहून ताबा घेत आहे' असे लिहिले, यादीच्या प्रत्येक पानावर विकसकाच्या प्रतिनिधीची सही घेतली आणि मगच चावी स्वीकारली.