एलफाइव्ह म्हणजे नाटक नव्हे, मेन ब्रेकर पाडूनच डेटा सेंटर ताब्यात घ्या

पॅनलवाला:
परवा एका प्रोजेक्ट हेडची पोस्ट फिरत होती. म्हणे नवं डेटा सेंटर ताब्यात देण्याआधीचे टेस्टिंगचे पाच टप्पे ही जुनी सवय. मशीन फॅक्टरीत तपासून येतं, साइटवर एकेक सिस्टिम चालवून बघतातच, मग शेवटी अख्ख्या बिल्डिंगची वीज घालवण्याचं एलफाइव्हचं, म्हणजे पाचव्या टप्प्याचं, नाटक कशाला? तेवढ्या आठवड्यांत पहिल्या ग्राहकाचं भाडं सुरू होईल. खाली नुसत्या टाळ्या. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

१४ वर्षं नवी मुंबईच्या महापे, रबाळे, ऐरोली पट्ट्यात हेच काम करतोय. एकेक टप्पा पार पडला की पॅनलवर टॅग लागतो, आधी लाल, मग पिवळा, हिरवा, निळा. निळ्यापर्यंत प्रत्येक मशीन एकटं पास झालेलं असतं. एलफाइव्हचा पांढरा टॅग लावायचा तर सगळी एकमेकांचं ऐकतात का ते बघावं लागतं, आणि दगा तिथेच होतो.

एका साइटवरची रात्र सांगतो. सर्व्हरच्या हॉलमध्ये सव्वा मेगावॅटच्या लोड बँका लावलेल्या, म्हणजे सर्व्हरऐवजी वीज खाणारे मोठे हीटर. दोन वाजता मेन ब्रेकर पाडला, म्हणजे बाहेरची वीज तोडली. यूपीएसने लोड धरला, डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर उठले, १४ व्या सेकंदाला बसवर आले, म्हणजे त्यांची वीज बिल्डिंगला मिळू लागली. सगळ्यांचे चेहरे खुलले. पण कूलिंगचं पाणी गार करणारे चिलर उठेनात. कोल्ड आइलचा, म्हणजे सर्व्हरना गार हवा मिळते त्या गल्लीचा, सेन्सर २४ अंशांवरून ३१ वर, मग ३६. लोड बँका बंद करायला सांगून मी गच्चीवर चिलरकडे धावलो. चिलर चालवणारा कंट्रोलर, पीएलसी, जिवंत होता, दिवे लागलेले होते. पण त्याच्या नेटवर्क स्विचचा प्लग कुणीतरी भिंतीवरच्या साध्या सॉकेटमध्ये खोचला होता. डीजीची वीज येईपर्यंत स्विच बंद, आणि पीएलसीने कम्युनिकेशन फॉल्ट असा धरून ठेवला की हाताने रीसेट केल्याशिवाय सोडेना. ड्रॉइंगमध्ये तो प्लग यूपीएसवरच दाखवलेला. एलफोरला, म्हणजे एकेक सिस्टिम चालवून बघायच्या चौथ्या टप्प्याला, तोच चिलर झकास पास झाला होता, कारण तेव्हा मेन चालू होती.

लोड बँकांच्या जागी ग्राहकाचे सर्व्हर असते तर? एवढंच विचारायचंय.

तारीख_पाळा:
ती पोस्ट माझ्या साहेबांची, आणि मला ती बरीचशी पटते. तुमचा किस्सा चांगला आहे, पण त्यातून निघतं काय? तो प्लग एलटूला, म्हणजे जोडणी तपासायच्या दुसऱ्या टप्प्याला, ड्रॉइंग हातात घेऊन फिरलेल्या माणसाला दिसायला हवा होता. एलटूला झोपा काढायच्या आणि मग एलफाइव्हने वाचवलं म्हणायचं, हे बरोबर नाही.

माझाही अनुभव ऐका. एका साइटवर हॉल १ मध्ये ग्राहक बसलेला, हॉल ३ चं एलफाइव्ह चालू. विजेच्या दोन बाजू जोडणारा कॉमन बसवरचा कपलर ज्याने जोडलेला ठेवायचा त्याने उघडला आणि हॉल १ ची एक बाजू गेली. दुसऱ्या फीडवर सर्व्हर तगले, पण त्या ग्राहकाने पुढचे दोन हॉल आमच्याकडून घेतले नाहीत. टेस्ट केली नसती तर काहीच झालं नसतं. टेस्टचाही धोका असतो, तो तुमच्या हिशेबात कुठेच येत नाही. शिवाय आमच्याकडे पहिल्या दोन वर्षांत हॉल ३०–४० टक्क्यांच्या वर भरत नाही. १०० टक्के लोडवर सगळं ताणून कुणासाठी बघायचं?

थंड_पाणी:
१०० टक्के कशाला म्हणता? १९ जुलै २०२२ आठवा. ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच पारा ४० च्या वर गेला आणि लंडनमध्ये गूगल आणि ओरॅकल या दोघांच्याही डेटा सेंटरचं कूलिंग बसलं. कूलिंगच्या माणसाला लोड दोन बाजूंनी येतो, आतून सर्व्हरचा आणि बाहेरून उन्हाचा. आपल्याकडे जानेवारीच्या रात्री चिलर पास करतात आणि मे महिन्यात बोंब मारतात.

आणि पॅनलवाले, राग मानू नका, पण इलेक्ट्रिकलवालेही कमी नाहीत. सिव्हिल महिना खातं, स्विचगिअर, म्हणजे ब्रेकरचे पॅनल, दोन महिने उशिरा येतं, हँडओव्हरची तारीख मात्र तसूभर हलत नाही. मधल्या मध्ये पाइप फ्लशिंगचे, म्हणजे पाइप आतून धुऊन काढायचे, १० दिवस ४ वर येतात. मागच्या वर्षी पाइपातली गाळणी, स्ट्रेनर, उघडला तर आत मूठभर वेल्डिंगची खपली. आता एआयच्या रॅकना थेट चिपपर्यंत पाणी नेतात, तिथल्या बारीक वाटांत ही खपली गेली तर काय होईल? आणि पंप थांबला तर एअर कूलिंगमध्ये मिळतात तशी मिनिटंसुद्धा हातात नसतात.

ऐरोलीकर:
मी या धंद्यातला नाही. पण रात्री दोन वाजता तुम्ही ब्रेकर पाडलात, डीजी उठले, सगळे खूश झालात, हे वाचून राहवलं नाही. आमच्या सोसायटीच्या मागे, नाल्यापलीकडे असंच एक सेंटर आहे. नाव घेत नाही. गेल्या हिवाळ्यात लागोपाठ ६ रात्री त्यांनी सगळे जनरेटर चालवले. खिडक्यांची तावदानं थरथरत होती. आईला दमा आहे, वय ७८. चौथ्या रात्री तिला नेब्युलायझर लावून हॉलमध्ये बसवून ठेवलं, कारण बेडरूममध्ये धुराचा वास येत होता. सकाळी गेटवर गेलो तर वॉचमन म्हणाला, टेस्टिंग आहे काका. कसलं, किती दिवस, कुणाला विचारायचं, काही नाही.

पॅनलवाला:
काका, आईंबद्दल वाईट वाटलं. पण डीजी पूर्ण लोडवर न चालवता पास करता येत नाही. यूपीआयपासून हॉस्पिटलच्या रेकॉर्डपर्यंत सगळं याच इमारतींत असतं. थोडा त्रास सोसावा लागतो.

ऐरोलीकर:
थोडा? २००० केव्हीएचा एक डीजी पूर्ण लोडवर तासाला साधारण ४०० लिटर डिझेल पितो, हे तुमच्याच क्षेत्रातल्या भाच्याने सांगितलं. असे १० लावले तर तासाला ४००० लिटर. सोसायटीने गणपतीत दहानंतर स्पीकर लावला तर पोलीस येतात. तुम्ही पहाटेपर्यंत चालवता आणि आम्ही सोसायचं. तुमचं घर कुठे आहे?

पॅनलवाला:
डोंबिवलीला. घराचा इथे काय संबंध?

ऐरोलीकर:
सगळाच संबंध. तुमची आई असती तर थोडा त्रास म्हणाला नसता.

बँकेतली:
दोघेही जरा थांबा. मी एका सहकारी बँकेचं आयटी बघते, आमचे सर्व्हर अशाच एका सेंटरमध्ये आहेत. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आठवतंय ना? माझ्या घरात अंधार, मोबाइल ३० टक्क्यांवर, आणि बँकेची खाती चालवणारं कोअर मात्र एकदाही अडखळलं नाही. त्या दिवशी कुणाच्या तरी डीजीच्या टेस्टचं मोल कळलं. पण काकांचा प्रश्नही खरा आहे. हे रात्रीच का करायचं?

तारीख_पाळा:
कारण ग्राहक दिवसा हात लावू देत नाही. हॉल १ चालू असताना कॉमन सिस्टिमला हात लावायचा तर परवानगी रात्री ११ ते ५ चीच मिळते. मी हेच म्हणतोय. प्रत्येक फेजला, म्हणजे दर नव्या हॉलला, बिल्डिंगची मेन पाडणार असाल तर ग्राहकही धोक्यात आणि शेजारीही.

पॅनलवाला:
मग कॉमन कणा, म्हणजे बाहेरून येणारी एचटी (उच्चदाबाची) वीज, डीजी, त्यांना एकत्र जोडणारं सिंक्रोनायझिंग पॅनल, चिलरचं गार पाणी, पहिला ग्राहक येण्याआधीच पूर्ण क्षमतेवर तपासून मोकळं व्हा. दिवसाढवळ्या होईल, तेव्हा आत कुणी नसतं. पुढच्या हॉलना फक्त त्यांचा यूपीएस आणि त्यांचं कूलिंग. पण त्यासाठी पहिल्या फेजला जे आठवडे लागतात, नेमके तेच तुमचे साहेब कापायला निघालेत. आणि टेस्ट केली नसती तर काहीच झालं नसतं म्हणालात, तर कपलर कुणी उघडायचा हे कागदावर नसेल तर तो एका खऱ्या ब्लॅकआउटमध्येही चुकीचाच उघडला गेला असता.

आणखी एक. वीज जाण्याची टेस्ट सगळे करतात, परत येण्याची घाईत उरकतात. २७ मे २०१७ ला ब्रिटिश एअरवेजचे सुमारे ७५,००० प्रवासी अडकले. कंपनीचंच म्हणणं होतं की वीज तोडल्यापेक्षा ती अनियंत्रितपणे परत जोडल्याने नुकसान झालं.

तारीख_पाळा:
कणा आधी, हे मला मान्य आहे. साहेबांना नाही, पण मला आहे. कपलरची चूक आमच्या कागदात होती, तेही खरं. पूर्ण बिल्डिंगचं एलफाइव्ह पुन्हा पुन्हा नको, यावर मी ठाम आहे. परत येण्याच्या टेस्टला आमच्या शेड्यूलमध्ये अर्धा दिवस धरलाय. सोमवारच्या मीटिंगमध्ये दोन दिवस मागतो.

थंड_पाणी:
ते दोन दिवस फ्लशिंगमधून काढू नका म्हणजे झालं.

पॅनलवाला:
ऐरोलीकर काका, 'थोडा त्रास' लिहायला नको होतं. पुढच्या महिन्यात आमची रबाळ्याची साइट आहे, तिथेही पलीकडे वस्ती आहे. डीजी रन सकाळी १० ते ५ मध्ये बसवायला सांगितलंय, आणि तारखांची नोटीस आठवडाभर आधी लावू.

ऐरोलीकर:
नोटीस तुमच्या गेटवर लावू नका, तिथे कोण वाचतं? वस्तीतल्या दवाखान्यात आणि रेशन दुकानावर लावा. आणि खाली फोन नंबर द्या, रात्री उचलला जाणारा.