मदत हवी आहे: मालक आठ दिवसांत घर खाली करायला सांगतोय, पाणीही बंद केलंय

ऐरोली_सेक्टर८: वन बीएचके, भाडं २२ हजार, एकही महिना थकलेला नाही. मालकाला फ्लॅट विकायचाय. मुलीची दहावी आहे, मार्च संपेपर्यंत हलणं शक्य नाही. त्याने कालपासून गच्चीवरचा आमच्याच लाइनचा व्हॉल्व्ह बंद केलाय. तो असं काढू शकतो का? लवकर सांगा.

पाचपाखाडी: अजिबात नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १५ वाचा. भाडं थकलं तरी आधी लेखी नोटीस, मग ९० दिवस थांबून दावा. समन्स मिळाल्यावरही ९० दिवसांत १५ टक्के सरळव्याजाने थकबाकी भरली की भाडेकरू वाचतो. 'विकायचंय' हे कारण कलम १६ मध्ये नाहीच. तिथे पोटभाडेकरू, विनापरवानगी पक्कं बांधकाम, सबळ कारणाशिवाय सहा महिने बंद ठेवलेलं घर, मालकाची स्वतःची खरी गरज, अशी कारणं आहेत.

कागद_आधी: पाचपाखाडी, हे पागडीवाल्यांना (रक्कम देऊन जुन्या पद्धतीने कायम भाड्याने राहणाऱ्यांना) आणि भाडेकरूंना. ऐरोलीतला वन बीएचके म्हणजे बहुतेक लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी; त्यात राहणारा कायद्याने भाडेकरू नसतो. ऐरोली, करार कसला? रजिस्टर आहे का? मुदत कधीपर्यंत?

घणसोली_सेक्रेटरी: भाड्याने दिलेल्या फ्लॅटला नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते तो) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच लावता येतो, पूर्ण मेंटेनन्सवर नाही. सोसायटीने जास्त घेतला असेल तर परत मागा.

कागद_आधी: त्यांनी ते विचारलंच नाहीये हो.

ऐरोली_सेक्टर८: हो, लीव्ह अँड लायसन्स, ११ महिन्यांचा, रजिस्टर. ऑक्टोबरअखेर संपला. एजंट रिन्यू करतो म्हणाला, राहून गेलं. नोव्हेंबर-डिसेंबरचं भाडं मालकाने घेतलंय, म्हणजे चालूच आहे ना? डिपॉझिट ७५ हजार त्याच्याकडेच आहे.

कागद_आधी: नाही, आणि हेच आधी सांगायला हवं होतं. मुदत संपली की त्याच कायद्याचं कलम २४. मालक कोकण विभागाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. समन्स हातात पडल्यापासून ३० दिवसांत शपथपत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर मालकाचं म्हणणं मान्य धरून ताब्याचा आदेश होतो. लेखी करार तिथे निर्णायक पुरावा, त्यामुळे 'तोंडी वाढवून दिलं होतं' टिकत नाही. शिवाय मुदतीनंतरच्या काळाची भरपाई दुप्पट दराने, म्हणजे तुम्हाला महिना ४४ हजार. नुसतं भाडं घेतल्याने नवा करार होत नाही.

पाचपाखाडी: पण आदेशाशिवाय त्याने कुलूप लावणं बेकायदाच! लायसन्स संपलं तरी कायदेशीर मार्गानेच ताबा घ्यायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच म्हटलंय. आणि पाणी तोडणं कलम २९ खाली गुन्हा आहे.

कागद_आधी: पहिलं पूर्ण मान्य. कलम २९ मध्ये मात्र शब्द 'भाडेकरू' आहे, मालकाचा वकील तिथेच अडवेल. त्यावर विसंबू नका. सोसायटीला आजच लेखी अर्ज द्या, पोच घ्या, बंद व्हॉल्व्हचा फोटो जोडा. एक प्रत पोलीस ठाण्यात.

घणसोली_सेक्रेटरी: गच्चीवरची लाइन सामाईक असते, एका सभासदाला ती परस्पर बंद करता येत नाही. अर्ज मिळाला की कमिटीने प्लंबर पाठवून व्हॉल्व्ह उघडायचा, मालकाची परवानगी लागत नाही.

ऐरोली_सेक्टर८: अर्ज देते. मालक म्हणतो नवा करार केला तर तुम्ही घरावर हक्क सांगाल.

कागद_आधी: उलट आहे, आणि हे त्याला शांतपणे समजावा. मुदत लिहिलेला रजिस्टर करार हीच त्याची कलम २४ ची ताकद. आजपासून ३१ मार्चपर्यंतचा तीन महिन्यांचा करार सुचवा, मागची तारीख घालू नका. मुद्रांक पाव टक्का: ६६ हजार भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने तीन महिन्यांचं व्याज, म्हणजे दोनशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी एक हजार. दोन कलमं नक्की घाला: ग्राहकांना घर दाखवायची ठरावीक वेळ, आणि किल्ली देताना त्याच दिवशी डिपॉझिट परत.

पाचपाखाडी: आणि नोव्हेंबर-डिसेंबरचं काही येणं उरलेलं नाही, हेही त्याच करारात लिहून घ्या. नाहीतर डिपॉझिटमधून दुप्पट दर कापायला तो मोकळा.