दारात उभा टर्बो ट्रक: ठेवावा की काढावा?

पाठवणार: कँटनकर

नमस्कार मंडळी,

आपल्या मिशिगनच्या मराठी मंडळाच्या ईमेल लिस्टवर गणपतीच्या हिशेबाची चर्चा चालू द्या, मध्येच एक घरगुती प्रश्न. आमच्याकडे २०१८ चा फोर्ड एफ-१५० पिकअप आहे. साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरी (व्ही-६) इंजिन, दोन टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंखे). घेतला तेव्हा कॅम्पर ओढायचा होता. दर उन्हाळ्यात सुट्टीला वर उत्तरेत स्लीपिंग बेअर ड्यून्स नाहीतर मॅकिनॉ ठरलेलं. आता मुलं कॉलेजात, कॅम्पर विकला, मी घरूनच काम करतो. ट्रक ड्राइव्हवेवर उभा. लाकूडफाटा आणायला किंवा कुणाचं घर हलवायला, तेवढ्यापुरता निघतो. बाकी दर रविवारी सकाळी चहा होईपर्यंत पाच-सात मिनिटं चालू करून ठेवतो, एवढंच.

सौ.चं म्हणणं, दारी हत्ती झुलवायला आपण काय सरदार लागून गेलो? विका. मला विकवत नाही. तर दोन गोष्टी सांगा: असा उभा राहून टर्बोचं काही बिघडतं का? आणि ठेवायचाच तर नीट ठेवायचा कसा? लिस्टवरची अर्धी मंडळी गाड्यांच्या धंद्यातली, म्हणून इथेच विचारतोय.

— कँटनकर

पाठवणार: ट्रॉयकर

वहिनींचं ऐका. सामान न्यायचं तर होम डेपोत तासावर ट्रक मिळतो, घर हलवायचं तर यू-हॉल आहे. नंबरप्लेटचे (नोंदणीचे) पैसे आपल्या राज्यात गाडीच्या मूळ छापील किमतीवर लागतात, उभ्या गाडीलाही सूट नाही. वर इन्शुरन्स. आणि पिकअपच्या बाजाराचा काही नेम नाही: २०२५ ला रॅम १५०० या पिकअपमधून हेमी नावाचं आठ सिलिंडरी (व्ही-८) इंजिन काढून दोन टर्बोंचं सहा सिलिंडरी इंजिन बसवलं, लोक चिडले, तर २०२६ ला हेमी परत आणलं! आज तुमच्या ट्रकला गिऱ्हाईक आहे. हौसेला मोल नसतं हे खरं, पण हौस तर कॅम्परबरोबरच गेली.

— ट्रॉयकर

पाठवणार: नोव्हायकर

कँटनकर,

विकायचा की नाही ते तुम्ही नवरा-बायको ठरवा. टर्बोचं नंतर सांगतो, आधी ते रविवारचं चहापुरतं इंजिन बंद करा. माझी सगळी नोकरी चाचणीच्या खोलीत इंजिनं चालवण्यात गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन आणि सायलेन्सर पुरते तापलेले असले की त्याची वाफ होऊन ते बाहेर जातं. थंड असले की ते आतच साचतं. थोडं सायलेन्सरमध्ये राहून त्याला आतून गंजवतं, थोडं पिस्टनच्या रिंगांवरून झिरपून ऑइलमध्ये जातं. त्यात थंड इंजिन पेट्रोल जास्त मागतं. तुमच्या इंजिनात काही इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये फवारा मारतात, तो गार भिंतीवर बसतो आणि तिथून तेही खाली ऑइलमध्ये उतरतं. नेहमी चालणाऱ्या गाडीत हे दोन्ही उडून जातं, कारण ऑइल २०० फॅरनहाइटच्या आसपास बराच वेळ राहतं. ड्राइव्हवेवर पाच-सात मिनिटांत इंजिनच्या पाण्याच्या तापमानाचा काटा जेमतेम हलतो, आणि ऑइल त्याच्याही मागे असतं. म्हणजे दर रविवारी तुम्ही ऑइलमध्ये थोडं पाणी आणि थोडं पेट्रोल घालता, काढत काहीच नाही. बॅटरीचंही तेच: स्टार्टरने घेतलेलं भरून निघण्याआधीच तुम्ही किल्ली फिरवता.

आता टर्बो. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. हे ऑइल वेगळं नाही, इंजिनचंच. म्हणून उभ्या टर्बोला स्वतःचं दुखणं जवळजवळ नसतं. त्याला मारतं ते पातळ झालेलं, आंबलेलं ऑइल. महिनोन्महिने उभ्या गाडीत वरचं ऑइल निथळून खाली गेलेलं असतं, तेव्हा चालू केल्यावर मिनिटभर थांबा, मग हळू निघा, आणि इंजिन तापेपर्यंत पाय जोरात दाबू नका. भार ओढून आलात तर बंद करण्यापूर्वीही मिनिट-दोन मिनिटं चालू राहू द्या. टर्बोभोवती पाणी खेळतं, त्यामुळे जुन्या गाड्यांसारखं ऑइल आत जळून कोळसा होण्याचं भय कमी झालंय, पण सवय चांगली. आणखी एक, वेस्टगेटची (टर्बोकडे जाणारा जादा एक्झॉस्ट बाजूने सोडणाऱ्या झडपेची) कडी. ती हलली नाही आणि खालून मीठ लागलं तर जाम होऊ शकते. अधूनमधून हायवेवर चढताना एकदा मोकळा जोर लावलात की तीही हलते.

तेव्हा ठेवायचाच असेल तर दोनच रस्ते. पहिला, खरोखर चालवा. तुमच्याकडून एम-१४ हायवेने ॲन आर्बरकडे, यूएस-२३ ने वर ब्रायटनला, आय-९६ ने नोव्हायला आणि आय-२७५ ने घरी. तासाभराचा फेरा. दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरे. दुसरा, हिवाळाभर शिस्तीत झोपवा आणि मधे हातच लावू नका. मधलं काही करू नका.

झोपवायचा तर ऑइल उभा करण्याआधी बदला, वसंतात नव्हे, कारण जुन्या ऑइलमधलं आम्ल हिवाळाभर बेअरिंगांवर बसून राहतं. (मैल भरोत न भरोत, वर्षातून एकदा बदलायचंच.) टाकी काठोकाठ भरा, त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव्य) घाला आणि दहा-बारा मैल चालवा, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचेल. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं. भरल्या टाकीत दमट हवेला जागाच कमी. बॅटरीला मेंटेनर (ती हळूहळू भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावा. आरामात असलेली चांगली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२ च्या खाली गेली म्हणजे संपलीच समजा, आणि उतरलेली बॅटरी आपल्या जानेवारीत गोठून फुटते. भरलेली गोठत नाही. हँडब्रेक लावून ठेवू नका, पॅड चिकटतात. चाकाला लाकडी ठोकळा लावा. टायरमध्ये थोडी हवा जास्त.

टायरची जाडी बघून फसू नका. बाजूला जो डॉट नंबर असतो त्याचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. मूळ टायर अजून असतील तर खोबणी नव्यासारखी दिसली तरी रबर म्हातारं झालंय. भार ओढायच्या विचारात असाल तर ते आधी बदला.

— नोव्हायकर

पाठवणार: रॉचेस्टरकर

काका, मग रिमोट स्टार्टचं काय? मी रोज सकाळी दहा मिनिटं गरम करतो. शिवाय कँटनकरांनी उंदरांचंही बघावं. आमच्या उभ्या गाडीच्या एअर फिल्टरमध्ये उंदरांनी इन्सुलेशन कुरतडून गादी केली होती, आणि मेकॅनिकने वायरिंगचं जे बिल दिलं ते आकडा लिहिण्यासारखं नाही. आता मी वायरींना तिखटाची टेप गुंडाळतो. मिळते, खरंच.

— रॉचेस्टरकर

पाठवणार: नोव्हायकर

रिमोट स्टार्ट करून मग कामावर अर्धा तास जाता ना? मग हरकत नाही, वाटेत सगळं उडून जातं. चालू करून न जाणं हा घोळ आहे.

उंदरांचं बरोबर. झोपवण्यापूर्वी एअर फिल्टरची पेटी आणि केबिन फिल्टर उघडून बघा. पक्ष्यांचे दाणे, कुत्र्याचं खाणं गॅरेजात ठेवू नका.

मिठाचं राहिलं. डेट्रॉईटच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, तेव्हा आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकताना कुणी हात आखडत नाही. हिवाळ्यात फेरा मारायचा तर पाऊस पडून रस्ता धुऊन सुकल्यावर मारा. फोर्डने २०१५ पासून एफ-१५० चं अंग ॲल्युमिनियमचं केलं, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण चासी पोलादीच आहे, आणि मीठ तिथेच बसतं.

— नोव्हायकर

पाठवणार: फार्मिंग्टनकर

इन्शुरन्समधली असल्यामुळे राहवत नाही. कँटनकर, ट्रक हिवाळाभर हलणार नसेल तर एजंटला स्टोरेज कव्हरेज विचारा. आग, चोरी, झाड पडणं, उंदीर (बहुतेक पॉलिसींत) एवढंच चालू राहतं आणि हप्ता बराच उतरतो. पण मग तो रस्त्यावर आणायचा नाही. आपल्या राज्यात नो-फॉल्ट कव्हर (चूक कुणाचीही असो, तुमच्या उपचाराचा खर्च तुमचीच पॉलिसी देते ते) नसताना गाडी रस्त्यावर आली की गुन्हा, आणि अपघात झाला तर स्वतःच्या उपचाराचे पैसेही मिळायचे वांधे. नोव्हायकर काकांचा पहिला रस्ता घेतलात तर हे नको, दुसरा घेतलात तर जरूर. कर्जावर असेल तर बँक बहुधा परवानगी देणार नाही. वसंतात फोन करून पूर्ण कव्हर परत चालू झाल्याचं लेखी आल्यावरच किल्ली लावा, तोंडी नको.

ट्रॉयकर, तुमचा हिशेब चुकीचा नाही. फक्त त्यात पडून राहिलेल्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च तुम्ही धरला नाहीत, तो तुमच्याच बाजूने जातो.

— फार्मिंग्टनकर

पाठवणार: मंडळ, सजावट समिती

कँटनकर, ट्रक विकू नका हो! मखर, रंगमंचाच्या फळ्या आणि ढोल स्टोरेजमधून शाळेच्या हॉलपर्यंत दरवर्षी कोण नेतं? मिनीव्हॅनचे पाच फेरे होतात. गॅसचे (पेट्रोलचे) पैसे मंडळ देईल.

पाठवणार: फार्मिंग्टनकर

गॅसचे पैसे दिले-घेतले तर चालतं. भाडं म्हणून त्यावर एक डॉलर ठरवलात तर घरगुती पॉलिसीत तो धंदा होतो. मंडळाच्या ठरावात शब्द नीट लिहा. आणि ढोल बांधायचे पट्टे मंडळाने घ्यावेत. गेल्या वर्षी दोरीने बांधलेला ताशा आय-२७५ वर उतरण्याच्या बेतात होता.

— फार्मिंग्टनकर

पाठवणार: कँटनकर

सगळ्यांचे आभार. घरात वाचून दाखवलं. सौ.ला टर्बोत रस नाही, पण दुरुस्तीच्या खर्चाचं वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं.

तडजोड अशी: या हिवाळ्यात ट्रक झोपवायचा, स्टोरेज कव्हरेज घ्यायचं. मुलीची ॲन आर्बरची लीज ऑगस्टअखेर संपते, तिचं सामान हलवायचं आहे, आणि लगेच गणपती. तोवर ठेवू. गणपतीनंतर विकायचा. टायर पाहिले, मूळचेच निघाले. आता ते विकत्या ट्रकवर बदलायचे की गिऱ्हाइकाला तसंच सांगून किंमत कमी करायची, यावर घरात मतभेद आहेत. ट्रॉयकर, तुमचं मत माहीत आहे.

काका, ऑइल बदलताना फिल्टरही बदलतोच आहे. बॅटरी मेंटेनर कुणाकडे पडून असेल तर कळवा, नाहीतर रविवारी विकत आणतो. चहानंतर.

— कँटनकर