'घरी परतले' म्हणे! अन्यांगचा संघ सोलचा कसा झाला?

द्राक्षवेल

काल सांगमकरांनी त्यांच्या धाग्यात लिहिलं की एफसी सोल हा कोरियन फुटबॉल संघ २००४ साली सोलजवळचं अन्यांग शहर सोडून गेलाच नाही, तो 'घरी परतला'. आणि २०१३ साली जन्मलेल्या तिथल्या नव्या संघाने, एफसी अन्यांगने, जुनी मढी उकरून रडगाणं गाऊ नये. तिथे चार ओळी खरडायला बसले, पण डोकं तापत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

घर कुठलं हो? १९८३ च्या डिसेंबरात लकी-गोल्डस्टार कंपनीने (म्हणजे पुढच्या एलजीने) हा संघ काढला तेव्हा त्याला मुलूख मिळाला तो चुंगचॉंगचा. १९८५ चं पहिलं विजेतेपद तिथलं, थायलंडच्या पियापोंगने गाजवलेलं. सोलमध्ये संघ आला १९९० ला आणि १९९६ ला अन्यांगला गेला. म्हणजे सोलमध्ये सहा मोसम, अन्यांगमध्ये २००३ पर्यंत आठ. आठ वर्षं चूल पेटली ते बिऱ्हाड, आणि सहा वर्षं राहिला ते घर? माहेरीच जायचं होतं तर चुंगचॉंगला जायचं होतं.

मी दोन वर्षं अन्यांगच्या बॉमग्ये भागात राहिले आहे. इमारतीखाली एका आजींची सूपची खाणावळ होती. गल्ल्यामागे एक लाल शर्ट घडी करून ठेवलेला, २००० सालच्या विजेतेपदाचा. प्रशिक्षक चो क्वांग-रे, पुढे चोई योंग-सू, बचावाला ली यंग-प्यो, ही नावं त्या देवाधर्माच्या थाटात घ्यायच्या. २ फेब्रुवारी २००४ ला संघ जाणार असल्याचं कळलं. पुढे बरीच वर्षं दुकानात टीव्हीवर फुटबॉल लागलं की आजी चॅनेल बदलायच्या. या बाईंना जाऊन सांगा, संघ घरी परतला म्हणून.

सांगमकर

ताई, आजींना माझा नमस्कार, पण आजी म्हणजे पुरावा नव्हे.

१९९६ ला एलजी हौसेने गेली नव्हती. लीगचं धोरण होतं की राजधानीत गर्दी नको, संघ गावोगावी जावेत. सोलमध्ये तीन संघ होते, तिघांनाही बाहेर काढलं. इल्हवा गेला चॉनानला, युकोंग बुचॉनला, एलजी अन्यांगला. सोलमध्ये फुटबॉलचं स्वतंत्र मैदान झालं की परत येता येईल, असंही तेव्हाच ठरलं होतं. मैदान झालं २००२ च्या विश्वचषकाच्या निमित्ताने, इथे सोलच्या सांगम भागात. साठ हजारांच्या वर खुर्च्या, आणि स्पर्धा संपल्यावर एवढ्या मोठ्या राजधानीला स्वतःचा संघ नाही. मग काय तिथे कोथिंबीर लावायची होती?

५ मे २०१० ला सोंगनामविरुद्ध ६०,७४७ लोक आले. कोरियाच्या लीगमधला तेव्हाचा उच्चांक. ते सगळे काय चोरीचा माल बघायला आले होते?

खडूस_काका

दोघांनीही सोयीस्कर विसरलेला मुद्दा. एफसी अन्यांग हा 'नागरिकांचा संघ' आहे, म्हणजे मराठीत, तो पालिकेच्या पैशावर चालतो. ज्याला फुटबॉल कळत नाही अशा माणसाने कर का भरायचा? २०२४ ला संघ दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत गेला तेव्हा महापौरांनी केस जांभळे रंगवून घेतले. आपल्याकडे एखाद्या नगराध्यक्षाने असं केलं असतं तर इथेच शंभर प्रतिसादांची जिलबी पडली असती.

द्राक्षवेल

काका, जांभळा रंग द्राक्षांचा आहे. अन्यांगची द्राक्षं एके काळी प्रसिद्ध होती. आणि अन्यांग हे नावच बौद्धांच्या सुखावती या स्वर्गभूमीवरून आलंय. सुखावतीचा महापौर केस रंगवेल नाहीतर काय करेल!

सांगमकर, तिघांना बाहेर काढलं हे मान्य. पण त्यात अन्यांगच्या लोकांचा काय दोष? त्यांनी तर दारात आलेल्याला आपलं म्हटलं. करार कंपनी आणि लीगमधला, नि उपाशी राहिलं प्रेक्षागार. शिवाय म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. दोन वर्षांत, २००६ ला, बुचॉनचा संघ उचलून थेट जेजू बेटावर नेला. तिथल्या चाहत्यांनी २००७ ला स्वतःचा संघ उभा केला आणि नावात १९९५ घातलं. संघाचं नव्हे, त्यांच्या चाहता-मंडळाचं वर्ष! या एका आकड्यात मला जे म्हणायचंय ते सगळं आलं.

बालेवाडीचा_भोपळा

आम्हाला विचारा! पुण्याचा आयएसएल संघ २०१९ ला बंद झाला, त्या जागी हैदराबादचा आला, आणि २०२५ ला तोही दिल्लीला. संघ आहेत की बदलीवरचे तहसीलदार? मी कुटुंबासकट बालेवाडीला जायचो, पोरगा नारिंगी झेंडा घेऊन...

सांगमकर

भोपळेसाहेब, धागा कोरियाचा आहे.

बालेवाडीचा_भोपळा

दुःख कुठलंही चालतं.

निळा_पंख

शेजारच्या सुवॉन शहराच्या संघाचा पाठीराखा म्हणून बोलतो. तुमच्या या भांडणात खरा लुटला गेला तो आमचा सामना. सुवॉन आणि अन्यांगच्या मधे जिजिदे नावाची खिंड आहे, त्यावरून त्या डर्बीचं नाव. निळे विरुद्ध लाल, सॅमसंग विरुद्ध एलजी. नंतर सुवॉन-सोलला 'सुपर मॅच' म्हणायला लागले, पण ती दुधाची तहान ताकावर.

आणि अन्यांगवाल्यांनी फार सोज्वळपणा करू नये. सॉ जंग-वॉन आठवतोय ना? १९९४ च्या विश्वचषकात स्पेनविरुद्ध शेवटच्या मिनिटाला बरोबरी करणारा. तो एलजीतून १९९८ ला स्ट्रासबर्गला गेला, पुढच्या वर्षी परतला तो आमच्याकडे. तुमच्या लोकांनी त्याचा शर्ट जाळला. माणूस पोटासाठी कुठेही जाईल, त्याचा शर्ट जाळायचा?

द्राक्षवेल

जाळला, कारण तो शेजारच्या वैऱ्याकडे गेला. मी समर्थन करत नाही, पण समजू शकते.

निळा_पंख

'समजू शकते' म्हणजेच समर्थन. खेळाडू वस्तू आहे का? त्याने आमच्यासाठी लीग जिंकली, पुढे तो आमचा प्रशिक्षकही झाला. २००२ ला तेहरानला आशियाई क्लब स्पर्धेची अंतिम लढत सुवॉन-अन्यांगच होती, आम्ही पेनल्टीवर जिंकलो. त्याची जळजळ अजून आहे, बाकी काही नाही.

सांगमकर

निळ्या, एक दुरुस्ती. एलजीचा राग नुसता भावनिक नव्हता. युरोपातून परतलास तर आमच्याकडेच यायचं, असं ठरलं होतं. ते मोडलं म्हणून क्लब पैसे परत मागायला कोर्टात गेला. शब्द म्हणजे शब्द.

द्राक्षवेल

थांबा थांबा. हे वाक्य फ्रेम करून लावते.

परतलास तर अन्यांगला परत ये, असा खेळाडूचा शब्द. तो मोडला म्हणून कोर्टकचेरी. आणि त्याच क्लबने पाच वर्षांत अख्खं अन्यांगच सोडलं! शर्ट कुणाचा जाळायला हवा होता?

निळा_पंख

खिक्क! ताईंशी पहिल्यांदाच सहमत. +१

सांगमकर

कायद्याने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेळाडूचा करार आणि क्लबचं लीगमधलं गाव, यांची सरमिसळ तुम्ही मुद्दाम करताय. आणि दर वेळी आजी, शर्ट, अश्रू. मी रोज सोलला मेट्रोत लोंबकळत कामाला जातो, माझ्या पोराचा जन्म इथला, त्याने पाहिलेला पहिला संघ एफसी सोल. २०१०, २०१२, २०१६ ची विजेतेपदं, २०१३ ला चीनच्या ग्वांगझूविरुद्ध दोन्ही सामने बरोबरीत सुटूनही परक्या मैदानावरच्या गोलांनी हुकलेला आशियाई चषक. त्या पोराला मी सांगू, की बाळा, आपण चोर आहोत?

द्राक्षवेल

तुमच्या पोराला कोण बोललं? विषय कंपनीचा आहे. उगाच लेकराला ढालीसारखं पुढे करू नका.

सांगमकर

तुम्ही आजींना करता ते चालतं!

खडूस_काका

माझा कराचा प्रश्न तसाच आहे.

बालेवाडीचा_भोपळा

काका, निदान पालिकेचा संघ रातोरात हैदराबादला जात नाही. भरा कर.

निळा_पंख

अवांतर: २०२२ ला पहिल्या श्रेणीत जायच्या लढतीत अन्यांग आमच्यासमोर होता. जादा वेळेत, १२० व्या मिनिटाला ओ ह्यॉन-ग्यूचा हेडर. आम्ही वाचलो, ते खालीच राहिले. पुढच्याच वर्षी आम्ही घसरलो, आणि २०२४ ला आमच्याच श्रेणीतून ते वर गेले. कर्म, दुसरं काय. विजेतेपद नक्की झालं ते कुठे? बुचॉनच्या मैदानावर, ०-० ने. एका पोरक्या गावाने दुसऱ्याच्या अंगणात गुलाल उधळला.

सांगमकर

ठीक आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत ते सांगमला आले तेव्हा मी मैदानात होतो. चाळीस हजारांवर लोक, आमच्या इंग्लिश खेळाडूचा, लिंगार्डचा, गोल, आम्ही २-१ ने जिंकलो. पाहुण्यांचा कोपरा जांभळा. त्यांच्यात माझ्या वयाचा एक माणूस जांभळ्या शर्टावर जुना लाल मफलर गुंडाळून उभा होता. सामना संपला तरी हलेना. मला वाटलं हरल्याचं दुःख. नंतर लक्षात आलं, तो छताकडे, खुर्च्यांकडे, सगळ्या मैदानाकडे बघत होता. एवढंच सांगतो. यातून काही सिद्ध होत नाही.

२००० चं विजेतेपद हवं असेल तर घ्या. आमच्या सहांतून एक वजा करा, पाच पुरेत आम्हाला. तसंही अन्यांगच्या काळातले ते चित्त्याच्या चित्राचे शर्ट भयंकर दिसायचे.

द्राक्षवेल

दान नको, आमचंच आहे ते. पण १९९६ ला तुमच्यावरही अन्याय झाला, हे मी वर 'मान्य' या एका शब्दात उरकलं, ते जरा कमी पडलं. सोलमधल्या ज्यांनी तेव्हा संघ गमावला, त्यांच्याही गल्ल्यामागे शर्ट असतीलच.

रच्याकने, तुम्ही फेब्रुवारीचा सामना सांगितलात, ऑगस्टचा विसरलात. तेच सांगम, अन्यांग २-१. आजींना मुद्दाम फोन केला. म्हणाल्या, दुकानात गर्दी आहे, नंतर कर.

सांगमकर

ऑगस्टला मी गावी होतो.

निळा_पंख

हो हो, सगळेच गावी होते.

खडूस_काका

म्हणजे कराचं उत्तर कुणाकडेच नाही. असो.