जांबोटी-कणकुंबीकडं दोन दिवस: धबधबे बंद, मग करायचं काय?

तिसरं गेट

नमस्कार मंडळी. मी टिळकवाडीचा, पोटासाठी पुण्यात. ऑफिसातले चौघे मागे लागलेत की तुझ्या बेळगावकडचा पाऊस दाखव. दोघे पुण्याचे, दोघे धारवाडकडचे. धारवाडवाल्यांना मराठी समजतं, पण बोलता येत नाही. जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी येतोय. मी फुशारकीत 'चला, वज्रपोहा धबधबा दाखवतो' म्हणून बसलो. काल घरी फोन केला तर बाबा म्हणाले, पावसात तिकडं कोण सोडतंय, नाक्यावरूनच परत पाठवतात.

सांगायला लाज वाटते, पण बेळगावात 18 वर्षं काढली आणि जांबोटीच्या पुढं मी फक्त गोव्याला जाताना गेलोय, तेही झोपेत. धबधबा नाही तर तिकडं दोन दिवस काय करतात? चालायला एखादी वाट, घरचं जेवण, रात्री पाठ टेकायला जागा. रिसॉर्ट नको.

घाटवाट

एवढं घाबरायचं काय त्यात? नाक्याच्या अलीकडं गाडी लावायची. शेताच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, उजवीकडं वाट जाते, अर्ध्या तासात पाण्यावर. मागच्या वर्षी आम्ही बारा जण गेलतो, कोण काय बोललं नाही. सकाळी सातच्या आत उरका म्हणजे झालं. पाहिजे तर लोकेशन टाकतो.

वस्तीची गाडी

लोकेशन टाकू नका. ती मेर माझ्या चुलतभावाची आहे. मागच्या वर्षी बारा जण तिच्यावरून गेले ते मला ठाऊक आहे, कारण मेर फुटली आणि खालच्या वाफ्यातला तरवा, म्हणजे भाताची रोपं, वाहून गेला. कोण काय बोललं नाही हे खरं. भाऊ त्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात लावणीला गेला होता.

आता तिसऱ्या गेटाच्या पोराला सांगतो. माझ्या मुलाच्या वयाचा असशील म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको. मी 27 वर्षं लाल गाडीत कंडक्टर होतो, त्यातली 11 बेळगाव-जांबोटी-कणकुंबी लाईनीवर. गाव जांबोटीच्या आसपासचंच. गाडीवरचा बोर्ड कानडीत, माझी हाळी मराठीत, आणि चोर्ल्याला कामाला जाणारी पोरं चढली की निम्मी कोकणीत. त्यामुळं तुझ्या धारवाडच्या मित्रांची काळजी करू नको.

बंदीला शिव्या घालायच्या आधी हे ऐक. तू धबधब्याखाली उभा असतोस तिथं कधीकधी ऊन पडलेलं असतं, आणि वर आमगाव-कणकुंबीकडं पाऊस कोसळत असतो. आमगाव म्हणजे अख्ख्या कर्नाटकात सगळ्यात जास्त पाऊस झेलणाऱ्या गावांपैकी एक. वरचं पाणी खाली पोचायला वेळ लागतो, आणि आलं की सांगून येत नाही. हब्बनहट्टीचा मारुती मलप्रभेच्या पात्रातच बसलाय, दर पावसाळ्यात बुडतो. तिकडचे लोक सकाळी गाडीत चढताना म्हणायचे, 'आज पायरीला पाणी लागलंय.' संध्याकाळी तेच लोक परत घेऊन यायचो, तोवर मारुती पाण्याखाली. आणि दिवसभर बेळगावच्या स्टँडवर मी छत्रीसुद्धा उघडलेली नसायची. शहरातनं येणाऱ्याला हे कळत नाही, यात त्याचा दोष नाही. पण नाक्यावरच्या माणसाशी हुज्जत घालायची नाही.

दोन मोटारी आणू नका. बेळगावातनं सकाळची कणकुंबीची गाडी धरा. पिरनवाडी, किणये सोडलं की हवा बदलते, कुसमळीला मलप्रभा ओलांडली की काचा बंद कराव्या लागतात. खिडकीच्या रबराला फट असते, तिथनं पाणी नेमकं मांडीवर गळतं, तेवढं सोसा. जांबोटीला गाडी थांबते तिथं उतरून चहा घ्या. कुणी अळंबी घेऊन बसलं असेल तर घासाघीस करू नका. ती बाई पहाटे पाचला रानात गेलेली असते, कुठं उगवते ते स्वतःच्या सुनेलासुद्धा सांगत नाही.

कणकुंबीला माऊलीचं देऊळ बघा. तिथंच मलप्रभेचा उगम. ती पूर्वेला निघते, कूडलसंगमाला कृष्णेत मिळते. आणि भीमगडच्या जंगलात देगावजवळ निघणारी म्हादई जाते पश्चिमेला, गोव्यात तिची मांडवी होते. एकाच खानापूर तालुक्यातल्या दोन नद्या, एक बंगालच्या उपसागराला, एक अरबी समुद्राला. या म्हादईच्याच पाण्यावरून कर्नाटक-गोव्याचं भांडण चाललंय. 2018 ला लवादानं कर्नाटकाला 13.42 टीएमसी दिलं, तरी मिटलं नाही. गाडीत यावर कुणी तोंड उघडलं की मी तिकिटं फाडायला मागच्या सीटकडं जायचो.

मुक्कामाचं सांगतो. आमच्या वेळी वस्तीची गाडी असायची, अजूनही काही गावांना आहे. रात्री साडेआठ-नऊला गावात पोचायची आणि पहाटे तीच परत निघायची. ड्रायव्हर आणि मी देवळात पथारी टाकायचो. जेवण पाळीनं एकेका घरातनं यायचं. कुठल्या घरची भाकरी जाड, कुठल्या घरच्या आमटीत मीठ जास्त, हे आम्ही आठवड्याच्या वारावरून ओळखायचो. गुरुवार आला की ड्रायव्हर मामा घरनं लोणच्याची बाटली घेऊन यायचे. आषाढात देवळात भजन असायचं. बाहेर पावसाचा आवाज इतका की मृदंगवाल्याला पेटी ऐकू यायची नाही, तो बुवांच्या ओठांकडं बघून वाजवायचा. टाळ मात्र माझ्याच हातात द्यायचे, म्हणायचे कंडक्टरला पंच मारायची सवय आहे, ताल चुकणार नाही.

सगळं असंच गोड नव्हतं. एका मावशीनं कुर्ल्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, डबा सीटखाली ठेवला होता, वर पानांचं झाकण. खड्ड्यात गाडी आपटली आणि कुर्ल्या सुटल्या. किणयेपर्यंत अख्खी गाडी पाय वर घेऊन बसलेली. मावशी मला म्हणते, 'तुम्ही लगेजचं तिकीट फाडलाय न्हवं, मग धरून द्या की.' दिल्या धरून. अंगठ्यावर खूण अजून आहे.

तर माझं म्हणणं एवढंच, की जुलैत इकडं बघायला येऊ नका, कामाला या. तेव्हा लावणी चालू असते. कानडीतनं आलेल्या शब्दात नट्टी म्हणा नाहीतर रोप लावण म्हणा. माणसं कमी पडतात, कारण तरणी पोरं गोव्याला नाहीतर बेळगावात उद्यमबागच्या कारखान्यात. दोन दिवस चिखलात उभं राहा, दुपारी बांधावर बसून नाचण्याची भाकरी खा, रात्री भजनाला बसा. माझ्या घरी ओटी मोठी आहे, पाच माणसं मावतील. जेवणाचे पैसे द्यायचे, आणि ते माझ्या हातात नाही, माझ्या भावजयीच्या हातात.

पावसानं कामच बंद पडलं तर दुसऱ्या दिवशी खानापूरवरनं हलशीला जा. कदंबांच्या वेळचं भूवराह-नरसिंहाचं देऊळ आहे, दगडी, कोरडं, शांत. तिथनं नंदगड जवळ. इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला 26 जानेवारी 1831 ला तिथं फाशी दिली, समाधीजवळ वडाचं झाड आहे. धारवाडवाल्यांना ते सांगायची गरज पडणार नाही, तेच तुला सांगतील.

करवंद

काका, तुमचं लिखाण आवडलं, पण एका गोष्टीवर भांडणार आहे. मी खानापूर तालुक्यातलीच, घरी चार एकर भात. मागच्या वर्षी आमच्याकडे पण पाहुणे आले होते 'लावणीचा अनुभव' घ्यायला. अर्धा वाफा लावला, फोटो काढले, गेले. रोपं इतकी वर लावलेली की संध्याकाळपर्यंत निम्मी पाण्यावर तरंगत होती. दुसऱ्या दिवशी आईनं आणि मी तो वाफा परत लावला. आईनं त्यांना चहा पण केला होता! तेव्हा 'कामाला या' म्हणताना जरा जपून.

बाकी तिसरं गेट, तुझ्यासाठी:

भीमगडच्या जंगलात आपल्या मनानं शिरू नकोस. 2011 पासून ते अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाणं म्हणजे गुन्हा. माझं शिक्षण प्राणिशास्त्रातलं, म्हणून हे जास्त टोचतं. तिथल्या बारापेडे गुहांमध्ये रॉटनची मुक्तपुच्छ वटवाघळं राहतात. जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारा प्राणी. 1912 साली पहिल्यांदा तिथंच मिळाला, आणि कितीतरी वर्षं दुसरीकडे कुठंच दिसला नव्हता. टॉर्च आणि आरडाओरडा घेऊन लोक आत घुसले की ती जागा सोडतात. 'गुहेचं ॲडव्हेंचर' कुणी विकत असेल तर घेऊ नको.

जळवा लागणारच. तंबाखू भिजवून मोज्याला चोळायची, नाहीतर चुना. लागलीच तर ओढून काढू नका, मीठ टाका. अस्वलाचं मात्र गमतीत घेऊ नका. आमच्याकडे शेतात जाणाऱ्यांवर हल्ले झालेत. पहाटे आणि तिन्हीसांजेला रानाच्या कडेनं एकटं फिरायचं नाही, बोलत चालायचं.

आणि हेम्माडग्याच्या रस्त्यानं फिरून यायचा बेत असेल तर आधी खानापुरात विचार. हलात्रीच्या पुलावर पाणी आलं की तो रस्ता बंद होतो, मग तू अलीकडे आणि जेवण पलीकडे.

वस्तीची गाडी

करवंद बाळ, तुझ्या आईचं बरोबर आहे, माझं चुकलं. आमच्या वहिनीनं पण हेच ऐकवलं आता, मी मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा. म्हणाली, लावायला नको, वाहायला लावा. म्हणजे असं, की तरवा उपटून मुठी बांधायच्या आणि त्या वाफ्यापर्यंत नेऊन टाकायच्या. त्यात कुणाचं काही बिघडत नाही आणि कंबर तेवढीच दुखते. तिसरं गेट, चालेल का?

तिसरं गेट

चालेल काका. निरोप पाठवलाय. बुटांचं काय करू? ट्रेकिंगचे आणतोय.

वस्तीची गाडी

बुटाला चिखल विचारत नाही. अनवाणी यायचं.

तिसरं गेट

मंडळी, जाऊन आलो. सोमवारी ऑफिसात पाचही जण खुर्चीवरून उठताना 'आई गं' म्हणत होतो.

गाडीनंच गेलो. मांडीवर पाणी गळलं, अगदी काकांनी सांगितलं तिथंच. शनिवारी पाऊस इतका होता की समोरच्या वाफ्यातली माणसं दिसत नव्हती, फक्त डोक्यावरची इरली दिसत होती, उलट्या होड्यांसारखी. आम्हाला मुठी वाहायला लावल्या. दिसायला पालकाच्या जुडीएवढी गोष्ट, पण मुळाला चिखल आणि पाणी धरलेलं असतं. दहाव्या फेरीनंतर आमच्यातला जिमवाला मेरेवर बसला तो उठेना. काकांच्या वहिनी, वय साठीच्या पुढं, त्याच्या हातातल्या मुठी घेऊन गेल्या, एक अक्षर न बोलता. त्याला तेच जास्त लागलं.

धारवाडच्या एकाला नाचण्याची भाकरी बघून वाटलं जळलीय. त्याच्या घरी ज्वारीची पांढरी. वहिनींना कानडीत विनवत होता की करपलेली नको. त्यांना वाटलं अजून एक मागतोय. त्यांनी वाढली. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी त्यानं खरंच मागितली.

भजनाला बसलो. मला टाळ दिले नाहीत, शहाणपणा केला त्यांनी. धबधबा एकही बघितला नाही. रविवारी हलशीला जायचं होतं, पण दुपारपर्यंत कुणाचे पाय हलेनात, ओटीवर बसून कौलावरचं पाणी बघितलं.

करवंद, जळवा मला चार, पुण्यातल्या दोघांना मिळून एकोणीस. मोजल्या. तंबाखू फक्त मी लावली होती.

एक अडचण आहे. जिमवाल्यानं ऐकलं नाही, बूट घालूनच वाफ्यात उतरला होता. उजवा बूट आत रुतला तो मिळालाच नाही, बिचारा डाव्या बुटावर पुण्याला आला. महागाचा आहे म्हणतो. काका, सापडला तर ठेवाल का?

वस्तीची गाडी

सापडला. औताच्या फाळाला लागला. वहिनीनं धुऊन चुलीवरच्या माळ्यावर वाळत टाकलाय, धुराचा वास येईल त्याला. उद्याच्या पहाटेच्या गाडीनं कंडक्टरजवळ देतो, बेळगावच्या स्टँडवर तुझ्या बाबांना सात वाजता उभं राहायला सांग. लगेजचं तिकीट मी काढलंय.