व्हिनाइलवरील रेघा आणि पिवळा डाग

लातूरच्या आपल्या घरी जमिनीवर अंथरलेल्या व्हिनाइलवर, म्हणजे प्लास्टिकच्या मऊ आच्छादनावर, सरळ रेघा उमटल्या आणि दाराजवळ पिवळा डाग पडला, त्यावरून माल हलका निघाला असे आपण लिहिले आहे. परंतु ते उखडण्यापूर्वी थोडे थांबावे, अशी कळकळीची विनंती आहे.

रात्री दिवे मालवून बॅटरी जमिनीलगत धरावी आणि प्रकाश आडवा सोडावा. रेघा चौकोनात जुळत असतील, तर ते खालच्या शहाबादी फरशीचे सांधे आहेत. आपल्याकडच्या जुन्या घरांत ते न भरताच व्हिनाइल अंथरले, की तो मऊ थर हळूहळू त्या खाचांत बसतो. हा दोष मालाचा नव्हे, बसवणाऱ्याचा.

डागावरचे पायपुसणे उलटून पाहावे. त्याची पाठ रबराची असेल आणि डाग त्याच मापाचा असेल, तर रबरातील रसायनाने व्हिनाइलचा रंगच बदलला आहे. तो घासून जात नाही.

व्हिनाइलच्या कडा उचलल्या असतील, तर मात्र कोपरा सोडवून उघड्या फरशीवर दीड फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करावा आणि किमान 16 तासांनी उचलावा. त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, तर ओल खालूनच येत आहे.